संकेतस्थळाचे बारसे करण्यापूर्वी

शाळेचे स्वतःचे संकेतस्थळ असावे, हा विषय पालकसभेत निघाला आणि सर्वांनी एकमुखाने होकार दिला, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यानंतर बराच वेळ चर्चा रंगली. पहिल्या पानावर संस्थापकांचा फोटो असावा की इमारतीचा, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे किती घालावीत, दहावीच्या निकालाचा तक्ता कुठे असावा, यावर प्रत्येकाने मत दिले. नावाचा प्रश्न मात्र अगदी शेवटी आला आणि "ते काय, कोणीतरी घेऊन टाकेल" एवढ्यावर मिटला. माझे म्हणणे या एका वाक्याविरुद्ध आहे. नाव कोणीतरी घेऊन टाकू नये. ते संस्थेने विचारपूर्वक ठरवावे, संस्थेच्याच नावावर नोंदवावे आणि संस्थेच्या दप्तरात त्याची नोंद राहावी.

प्रथम विद्यार्थी मित्रांसाठी थोडी माहिती. इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा एक पत्ता असतो. ते आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून आकड्यांना नाव जोडण्याची सोय केलेली आहे. पूर्वी अशा सर्व नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जात असे. संगणक वाढले तशी ती यादी सांभाळणे अशक्य झाले. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन तज्ज्ञाने कामाची वाटणी करणारी पद्धत तयार केली. तीच डोमेन नेमची पद्धत आजही चालू आहे. 'डॉट कॉम'चे पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या कंपनीने नोंदवले. त्या काळी नोंदणीला पैसे पडत नसत. १९९५ पासून दोन वर्षांसाठी शंभर डॉलर आकारणी सुरू झाली. आज साधे नाव वर्षाला काही शे ते हजार-दीड हजार रुपयांत मिळते.

ही पद्धत आपल्या टपालाच्या पत्त्यासारखीच आहे. पत्रावर आपण 'मु. पो. हिंडलगा, ता. जि. बेळगाव' असे लिहितो. लहानाकडून मोठ्याकडे जातो. डोमेन नेमही तसेच असते. डावीकडे आपले खास नाव आणि उजवीकडे मोठ्या विभागाचे शेपूट. फरक एवढाच, की टपालात घोटाळा झाला तर पोस्टमन काका ओळखीने पत्र पोहोचवतात. संगणकाला ओळख नसते. एक अक्षर चुकले तर तो दुसऱ्याच दारात नेऊन उभा करतो.

दुसरी गोष्ट, एका शेपटाखाली एक नाव एकालाच मिळते. आपल्या भागात कंग्राळी दोन आहेत, म्हणून आपण बुद्रुक आणि खुर्द म्हणतो. सुळगाही एकापेक्षा जास्त, म्हणून आपले ते 'सुळगा (हिं.)' आणि येळ्ळूरकडचे ते 'सुळगे (ये.)'. व्यवहारात कंस घालून आपले भागते. इंटरनेटवर कंस चालत नाही. याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण रोज सकाळी आपल्या दारात पडते. बाबूराव ठाकूर यांनी १९१९ साली सुरू केलेला बेळगावचा 'तरुण भारत' आपण वाचतो. नागपूरलाही 'तरुण भारत' आहे आणि मुंबईतही 'मुंबई तरुण भारत' आहे. छापील कागदावर तिन्ही सुखाने नांदतात, कारण नागपूरचा अंक हिंडलग्यात येत नाही. इंटरनेटवर मात्र सगळे एकाच गल्लीत राहायला आले. तरुणभारत डॉट कॉम हे नाव बेळगावकडे आहे, नागपूरकरांनी डॉट नेट घेतले आणि मुंबईचे महाएमटीबी डॉट कॉम झाले. यात कोणाचे चुकले असे नाही. पण कोणाचा मान मोठा, कोण जुने, हे तिथे कोणी विचारत नाही. जो आधी नोंदवतो त्याचे नाव. आपल्या शाळेसारख्या नावाच्या शाळा महाराष्ट्रात गावोगावी आहेत. म्हणून उशीर करण्यात नुकसान आहे.

आता नाव कसे असावे ते पाहू. रोमन लिपीतील नावात इंग्रजी अक्षरे, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढेच चालते. एका भागात जास्तीत जास्त ६३ अक्षरे बसतात. मर्यादा मोठी आहे म्हणून ती वापरायलाच हवी असे नाही. संस्थेचे संपूर्ण नाव, त्यापुढे शिक्षण मंडळ, संचलित, मराठी माध्यम, हिंडलगा असे सर्व एका ओळीत घातले तर ते टंकायला कोणीही धजणार नाही.

मराठी शब्द रोमन लिपीत लिहिताना आपली खरी परीक्षा असते. 'ज्ञान' हा साधा शब्द घ्या. आपण मराठी माणसे तो डीएनवाय असा लिहितो, हिंदी भाषक जीवाय लिहितात आणि आपले कन्नड शेजारी जेएन लिहितात. तिघेही आपापल्या परीने बरोबर. 'शाळा'मधल्या ळ ला रोमन लिपीत स्वतंत्र अक्षरच नाही. 'विद्यालय' लिहिताना शेवटी ए घालायचा की नाही, यावर दोन शिक्षकांचे एकमत होत नाही. आपल्या गावाचे नावही दोन प्रकारे लिहिलेले आढळते. कोणी लच्या पुढे सरळ ग लिहितात, तर कोणी मध्ये आणखी एक ए घालतात. म्हणून ज्या शब्दाची दोन स्पेलिंग संभवतात, तो शब्द शक्यतो टाळावा. टाळता येत नसेल तर दोन्ही स्पेलिंगे नोंदवून एकावरून दुसरीकडे वळवावीत.

शहराचे नाव घालावे का, हा प्रश्न आपल्याकडे नाजूक आहे, तरी तो टाळून चालणार नाही. बेळगावचे इंग्रजी स्पेलिंग पिढ्यान् पिढ्या एकच होते. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक सरकारने बारा शहरांची नावे बदलली, त्यात बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. ज्यांनी जुने स्पेलिंग घालून नाव नोंदवले होते, त्यांना फलक, पत्रके, शिक्के यांच्याबरोबर हाही विचार करावा लागला. याबाबत कोणाच्या भावना काय आहेत, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर या अंकात लिहिण्याचा माझा हेतू नाही. मला फक्त व्यवहार सांगायचा आहे. ज्या संस्थांनी आद्याक्षरांवर भागवले त्या निर्धास्त राहिल्या. २०१० साली स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या पत्त्यात शहरासाठी केवळ 'बी' आहे. शहराचे नाव बदलले, बी तसाच राहिला. मुंबईच्या आयआयटीच्या पत्त्यातही बीच आहे. बॉम्बे जाऊन मुंबई आली तरी तिथे काही बिघडले नाही. रेल्वेने तर बेळगाव स्थानकाचे बीजीएम हे चिन्ह आजही बदललेले नाही. तेव्हा शहराचे नाव पूर्ण घालण्यापेक्षा शाळेचे रुळलेले छोटे नाव आणि हवे तर गावाचे एक अक्षर, एवढे पुरेसे आहे. गावकरी, रिक्षावाले, माजी विद्यार्थी शाळेला ज्या नावाने ओळखतात, ते नाव सर्वांत चांगले.

एक सोपी कसोटी सुचवतो. सीबीटीवर गर्दीच्या वेळी उभे राहून पुण्यातल्या नातेवाइकाला फोनवरून ते नाव सांगावे. एकदा सांगितल्यावर त्याला बिनचूक लिहिता आले तर नाव उत्तीर्ण. "नाही, मध्ये डॅश आहे, मग दोन ए" असे सांगावे लागले तर नापास. म्हणून आडवी रेघ आणि आकडे नकोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेपूट कोणते घ्यावे? बहुतेकांच्या तोंडी डॉट कॉम बसले आहे, पण ते मुळात व्यापारासाठी होते. आपल्या देशाचे शेपूट डॉट इन आहे. सुरुवातीला त्याचा कारभार मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होता आणि नियम इतके कडक होते, की १९९२ ते २००४ या काळात जेमतेम सात हजार नावे नोंदली गेली. २००५ च्या सुरुवातीला निक्सी या संस्थेने नियम सैल केले आणि सामान्य माणसालाही थेट डॉट इन मिळू लागले. शिक्षणसंस्थांसाठी मात्र एज्यु डॉट इन आणि एसी डॉट इन ही शेपटे राखून ठेवलेली आहेत. ती कोणत्याही दुकानातून मिळत नाहीत. अर्नेट इंडिया ही सरकारी संस्थाच ती देते आणि त्यासाठी मान्यतेची कागदपत्रे द्यावी लागतात.

कागदपत्रांचा हा त्रास कशाला, असे काहींना वाटेल. माझ्या मते हा त्रासच त्या नावाची किंमत आहे. आज शाळेची फी, परीक्षेची फी, देणगी हे सारे मोबाइलवरून भरले जाते आणि खोटी पाने करून लुबाडणारे टपलेलेच आहेत. रिझर्व्ह बँकेनेही याच कारणाने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इन या राखीव शेपटाखाली येण्यास सांगितले. तिथे बँकेशिवाय कोणाला नाव मिळत नाही, त्यामुळे ग्राहकाला खरे-खोटे ओळखता येते. तेच तत्त्व शाळेला लागू आहे. मुख्य नाव एज्यु डॉट इनमध्ये असावे आणि तेच नाव साध्या डॉट इनमध्येही घेऊन ठेवावे, म्हणजे दुसरा कोणी ते घेऊन पालकांची दिशाभूल करणार नाही.

आता मराठी शाळेच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. नाव देवनागरीत घेता येते, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नाही. २७ ऑगस्ट २०१४ रोजी 'डॉट भारत' हे देवनागरी शेपूट सुरू झाले. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली, बोडो, डोगरी आणि सिंधी या भाषांसाठी ते आहे. कन्नड लिपीतही आपल्या देशाचे शेपूट आहे. संगणक आतल्या आत या अक्षरांचे रोमन अक्षरांत रूपांतर करून काम भागवतो, वाचणाऱ्याला मात्र स्वच्छ देवनागरी दिसते. इथे 'ज्ञान'चा वाद नाही आणि ळ ची अडचणही नाही. तरी देवनागरीतही सावध राहावे लागते. बेळगाववर अनुस्वार देणारी जुनी पाटी अजून दिसते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण सवय गेलेली नाही. पाहणाऱ्याला दोन्ही एकच, संगणकाला दोन वेगळी नावे. म्हणजे मराठीच्या तासाला शिक्षक ऱ्हस्व-दीर्घावरून रागावतात ते उगाच नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

देवनागरी नाव हेच एकमेव नाव असावे असे मी म्हणणार नाही. अनेक सरकारी अर्ज आणि मोबाइलवरील अ‍ॅप आजही देवनागरी पत्ता स्वीकारत नाहीत. ई-मेलच्या बाबतीत तर अडचणी जास्त आहेत. शिवाय शिक्षण खात्याशी, बँकेशी आणि परराज्यातील संस्थांशी आपला व्यवहार रोमन पत्त्यानेच सोपा होईल. म्हणून मुख्य दार रोमन आणि देवनागरी नाव हे दुसरे दार. दोन्ही दारे एकाच घरात उघडावीत. पण दुसरे दार ठेवायलाच हवे. आपण मुलांना सांगतो, की मराठीतून सर्व काही करता येते. मग शाळेच्या फलकावर देवनागरी आणि शाळेच्या पत्त्यात तिचा मागमूस नाही, हे बरे दिसत नाही. वर्षाला थोड्या रुपयांत आपल्या अक्षरांना जगाच्या नकाशावर जागा मिळत असेल तर ती घ्यावी.

यानंतर सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, नाव कोणाच्या नावावर? डोमेन नेम विकत मिळते असे आपण म्हणतो, पण ते खरे नाही. ते भाडेपट्ट्याने मिळते. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी पैसे भरता येतात आणि मुदत संपली की नूतनीकरण करावे लागते. नोंदणीच्या वेळी जो ई-मेल आणि मोबाइल क्रमांक दिला जातो, त्यावरच सूचना येतात. आपल्याच भागातील एका मंडळाची हकीकत मला माहीत आहे. एका हुशार तरुणाने हौसेने स्वतःच्या खर्चाने मंडळाचे संकेतस्थळ काढून दिले. सारे त्याच्या नावावर, त्याच्याच ई-मेलवर. पुढे तो नोकरीनिमित्त परगावी गेला, ई-मेल बदलला, फोन बदलला. नूतनीकरणाच्या सूचना कोणी वाचल्याच नाहीत. नाव सुटले आणि भलत्याच माणसाने उचलले. मंडळाच्या जुन्या पत्रिकांवर छापलेला पत्ता उघडला की जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. त्या तरुणाने वाईट केले नव्हते. व्यवस्था कोणीच केली नव्हती.

हे लहान मंडळाचेच होते असे समजू नका. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टसारखी बलाढ्य कंपनी पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे ३५ डॉलर भरायला विसरली. त्या नावावर हॉटमेलचे दार उघडत असल्याने ऐन नाताळात असंख्य लोकांना आपली पत्रे वाचता येईनात. शेवटी एका परक्या संगणकतज्ज्ञाने स्वतःच्या खिशातून ते पैसे भरले तेव्हा काम सुरू झाले. डॉट कॉमच्या नावाची मुदत संपली तरी ते लगेच दुसऱ्याच्या हाती जात नाही. आधी सवलतीचे काही दिवस असतात, मग ३० दिवस जादा दंड भरून सोडवता येते आणि आणखी ५ दिवसांनी ते सर्वांना मोकळे होते. एवढी मुदत असूनही नावे जातात, कारण पत्र योग्य माणसाकडे पोहोचतच नाही.

शाळेच्या जमिनीचा उतारा आपण कोणा शिक्षकाच्या किंवा पालकाच्या नावावर ठेवू का? तिजोरीची किल्ली बांधकाम करणाऱ्या गवंड्याकडे ठेवू का? मग शाळेचे नाव संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या खात्यात का ठेवायचे? काही व्यावसायिक नोंदणी आपल्याच नावावर करतात आणि पुढे शाळेने दुसरीकडे जायचे ठरवले की नाव सोडायला कुरकुर करतात. नाव एका नोंदणीदाराकडून दुसरीकडे नेण्यासाठी एक गुप्त संकेत लागतो. तो संस्थेच्या हाती हवा.

कायद्याचे संरक्षण आहे का? आहे, आणि त्याचा पाया घालणारा निकाल आपल्याच राज्यातून वर गेलेल्या खटल्यात लागला. सत्यम इन्फोवे या कंपनीचे 'सिफी' हे नाव होते. दुसऱ्या एका कंपनीने त्यात एक एफ जास्त घालून नावे नोंदवली. बंगळूरच्या दिवाणी न्यायालयात सत्यमच्या बाजूने मनाई हुकूम मिळाला, उच्च न्यायालयाने तो फिरवला आणि ६ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. डोमेन नेम हा नुसता पत्ता नसून व्यापारचिन्हासारखे त्याला संरक्षण आहे, असे त्या निकालाने ठरले. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याचे बळ शाळेकडे कुठून येणार? वेळेवर नोंदणी हाच आपला वकील.

काही पालक म्हणतील, की व्हॉट्सअ‍ॅपचा गट आहे, फेसबुकचे पान आहे, मग वेगळे नाव कशाला? ही साधने उपयोगी आहेत, जरूर वापरावीत. पण ती दुसऱ्याच्या जागेतील टपरी आहे. याहूची जिओसिटीज २००९ साली बंद झाली आणि लोकांनी हौसेने उभी केलेली पाने गेली. आपले कितीतरी माजी विद्यार्थी ऑर्कुटवर एकमेकांना भेटले होते. तेही सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले. स्वतःचे नाव असेल तर आतली जागा कितीही वेळा बदला, पत्ता तोच राहतो. आज आपल्या शाळेतून शिकून गेलेली मुले पुण्या-मुंबईत, आखातात, अमेरिकेत आहेत. पहिलीच्या वर्गासाठी शाळा शोधणारा नवा पालक घरबसल्या मोबाइलवर शोधतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळा त्याला लगेच सापडतात. आपली सापडत नसेल तर ती आहे हेच त्याला कळत नाही. पट टिकवण्याच्या आपल्या धडपडीत ही गोष्ट लहान नाही.

म्हणून विश्वस्त मंडळास नम्रपणे काही गोष्टी सुचवतो. नावाचा ठराव सभेत रीतसर करावा आणि इतिवृत्तात नोंदवावा. नोंदणी संस्थेच्या नावाने, मुख्याध्यापकपदाच्या ई-मेलवर असावी, कोणा व्यक्तीच्या नव्हे. त्याच नावाच्या ई-मेलवर तर मुळीच नसावी, कारण नाव बंद पडले की तो ई-मेलही बंद पडतो आणि सूचना कोणालाच मिळत नाही. पैसे एकदम पाच वर्षांचे भरावेत आणि मुदतीची तारीख विम्याच्या व घरपट्टीच्या तारखांबरोबर कार्यालयातील फलकावर लिहावी. खात्याचा परवलीचा शब्द बंद पाकिटात कपाटात ठेवावा आणि पदाधिकारी बदलले की तोही बदलावा. "तुमचे नाव संपत आहे, लगेच पैसे भरा" अशी बनावट पत्रेही येतात. आपला नोंदणीदार कोण हे कार्यालयाला माहीत असेल तर त्यांना कोणी फसणार नाही.

पालकांनी घरी चर्चा करून छोटी, सोपी नावे कागदावर लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावीत. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी ती नावे आधीच कोणी घेतली आहेत का, हे संगणकाच्या तासाला तपासावे आणि प्रत्येक नावाची फोनवरची कसोटी घ्यावी. पण अंतिम नाव ठरेपर्यंत कोणीही उत्साहाच्या भरात स्वतःच्या खात्यातून नोंदणी करू नये, ही कळकळीची विनंती. पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर छायाचित्रांच्या आधी नावाचा विषय घ्यावा, एवढीच अपेक्षा.